सुलिसला दिलेले हातमोजे

सोमवार, २ ऑक्टोबर १९६१

आलो एकदाचे बाथला. स्विंडनपासून इथवर सिरिल किटली मांडीवर घेऊन बसला होता. सामानाच्या डब्यात टाकायला तयारच नाही. म्हणाला, बायको हरवली तर दुसरी बघता येईल, ही किटली आता बाजारात मिळत नाही. समोरच्या बाकावरची बाई हसून हसून रडायला आली. मीही हसले. सांधेदुखीने त्याला धरल्यापासून, म्हणजे जवळजवळ वर्षभर, त्याच्या तोंडून धड थट्टा निघाली नव्हती.

घर टेकडीच्या उतारावर आहे, रस्त्याकडून तीन मजले आणि मागून पाच. आम्हाला सगळ्यात खालच्या दोन खोल्या. मिस पेव्हरेल, म्हणजे आमच्या मालकीणबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, चिमणीएवढ्या, पण आवाज सार्जंटचा. दारातच त्यांनी सिरिलला बूट पुसायला लावले आणि लगेच त्याच्या हातावर साखर पेरलेला बन ठेवला. मला म्हणाल्या, नवरा जपून ठेवण्यासारखा दिसतो, चोरीला जाऊ देऊ नका. मी म्हटलं, बाई, याला नेऊन कोणी तीन दिवस सांभाळला तर मी त्याला बक्षीस देईन.

आमच्या खोल्यांची जमीन कोमट आहे! खाली तळघरात गरम पाण्याचा झरा आणि त्यावर रोमन लोकांनी बांधलेलं कुंड आहे, त्याची ऊब. सिरिल अनवाणी उभा राहिला आणि पायाची बोटं ऐसपैस पसरली. मग म्हणाला, लोर्ना, इथे मी बरा होईन बघ.

मलाही तसंच वाटतंय. इथल्या रुग्णालयात त्याचे पाण्याचे उपचार गुरुवारी सुरू होतील. माझं काम म्हणजे घर सांभाळायचं आणि आठवड्यातून तीन दिवस पाहुण्यांना कुंड दाखवायचं.

नेलचे, आमच्या पोरीचे, हातमोजे नेहमीप्रमाणे माझ्या कोटाच्या खिशात आहेत. लाल, मीच विणलेले, चार बोटांना एक घर आणि अंगठ्याला वेगळं. दोन्हींना जोडणारी लोकरीची दोरी कोटाच्या बाह्यांतून ओवायची, म्हणजे पोरं ते हरवत नाहीत. नेल नखं पार मांसापर्यंत कुरतडायची, म्हणून मी ते तिला घरातसुद्धा घालायला लावायची. सहा वर्षं पुरी होताहोता ती पोलिओने गेली, त्याला आता नऊ वर्षं झाली. हातमोजे तिने एकदाही हरवले नाहीत.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

सिरिलने आज स्वतःच्या हाताने कप उचलला, कपाच्या कानात बोट घालून. दहा दिवसांत! नर्सला म्हणाला, अशीच प्रगती राहिली तर पुढच्या आठवड्यात तुम्हाला नाचायला नेईन. ती म्हणाली, आधी स्वतःच्या बुटांची नाडी बांधा, मग बघू.

पाहुण्यांना सांगायची माहिती माझी आता तोंडपाठ झाली आहे. कुंड काही फार मोठं नाही, आमच्या चॅपलमधल्या व्यासपीठाएवढं असेल. हिरवट पाणी, त्यावर वाफ, तळ दिसत नाही. बाजूला काचेच्या कपाटात शिशाचे पातळ पत्रे मांडलेत, कुंडाच्या गाळातून काढलेले. लोकांना तेच जास्त आवडतात.

झालं काय, की तेव्हा लोक अंघोळीला उतरले की काठावर ठेवलेले कपडे चोरीला जायचे. मग ज्याची वस्तू गेली तो शिशाच्या पत्र्यावर झऱ्याच्या देवीला, सुलिसला, तक्रार लिहायचा आणि पत्रा गुंडाळून पाण्यात टाकायचा. तक्रार तरी कसली! एकाचा पंचा गेलाय. पंचा! आणि त्यापायी हा देवीला सांगतोय की चोराचं रक्त घे, डोळे घे. मी वाचून दाखवते आणि सगळे खो खो हसतात.

मिस पेव्हरेल हसत नाहीत. आज सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, की यातला कावा कुणाच्या लक्षात येत नाही. माणूस आधी ती गेलेली वस्तूच देवीच्या नावे करतो. मग चोराने माणसाचं नाही, देवीचं चोरलेलं असतं, आणि देवी आपलं वसूल करते. पुढे म्हणाल्या, पाहुण्यांना पाण्यात काही टाकू देऊ नका, गंमत म्हणूनसुद्धा नाही. सोळाशे वर्षं कोणी तिला काही दिलेलं नाही आणि माझ्या घरात ते सुरू व्हायला नको. म्हातारपणी माणूस असं काहीतरी डोक्यात घेऊन बसतं. मी हो म्हटलं.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

हातमोजे गेले.

सकाळी कोट समोरच्या दालनात पाहुण्यांच्या कोटांशेजारी टांगला होता. दुपारी खिशात हात घातला तर खिसा रिकामा. चौदा माणसं येऊन गेली. मी सगळं घर उलटंपालटं केलं, कोळशाच्या बादलीतसुद्धा हात घातला. कुणाच्या उपयोगाचे होते ते? मोठ्या माणसाची तीन बोटं आत जाणार नाहीत, एका अंगठ्याला कसर लागलेली.

सिरिल म्हणाला, इतकं जिवाला लावून घेऊ नकोस, असतील इथेच कुठेतरी, येतील परत. असं शांतपणे म्हणाला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तुला काय त्याचं, ती गेली तेव्हा तुझ्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. त्याचा चेहरा उतरला. टोपी घालून बाहेर गेला आणि तासाभराने मासे आणि तळलेले बटाटे घेऊन आला. मी जेवले नाही.

मला ते हवेत. नऊ वर्षांत माझ्याकडे तिचं तेवढंच राहिलं होतं.

बुधवार, १८ ऑक्टोबर

मी केलं. चॅपलमध्ये कळलं तर मला बाकावर बसू देणार नाहीत.

छपराच्या डागडुजीतून उरलेला शिशाचा तुकडा परसात पडला होता. विणायच्या सुईने त्यावर लिहिलं. शब्द मला येतातच, दिवसातून चारदा म्हणते. लिहिलं ते असं:

सुलिस देवीला, लोर्ना पास्ककडून. माझे लाल हातमोजे, दोन, दोरीसकट, मी तुला दिले. ज्याने नेले तो पुरुष असो, बाई असो, धनी असो, चाकर असो, आणि ज्याला ठाऊक असून जो गप्प बसला तोही, त्यांना झोप देऊ नकोस. त्यांची तहान भागू देऊ नकोस. ते हातमोजे तुझ्या पाण्यात येईपर्यंत त्यांच्या पापणीला पापणी लागू देऊ नकोस.

गुंडाळून टाकला. एक बुडबुडा आला, बस्स. कुणाला कळलं नाही. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. रात्री ढाराढूर झोपले.

शनिवार, २१ ऑक्टोबर

सिरिलला तीन रात्री झोप नाही. मी म्हटलं, चहा कमी कर. तो म्हणाला, चहा नाही गं, तुझं घोरणं. मग म्हणाला, पण लोर्ना, झोप यायच्या जवळ येते आणि कोणीतरी पापणी धरल्यासारखं होतं.

सारखं पाणी मागतो.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

नऊ रात्री. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, मग दुप्पट दिल्या. काही नाही. डोळे लाल झालेत, पापण्या काठाशी सुकून फुटल्यात. मी कोमट दुधात कापूस भिजवून ठेवते, तेवढ्यापुरतं त्याला बरं वाटतं. पाण्याची भांडीच्या भांडी पितो आणि पुन्हा जीभ कोरडी. हात मात्र उत्तम! आज स्वतः नाडी बांधली आणि मला दाखवली. नर्सला सांग, म्हणाला. हसायला गेला आणि ओठ फाटला.

मी त्या पत्र्याचा विचार करत नाही. कुणी एक अनोळखी बाई, कुणी पोरांची आई, हातमोजे घेऊन गेली असेल. सिरिलचा यात काय संबंध?

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

माझा वाढदिवस.

सिरिल सकाळी भिंतीला धरत धरत दालनात गेला आणि तपकिरी कागदाचं पुडकं घेऊन आला. म्हणाला, आता तरी मला शिव्या देणं बंद करशील ना.

हातमोजे होते. दोन्ही, दोरीसकट. अंगठ्याचं कसरीने पडलेलं भोक भरलेलं, नव्या लाल लोकरीने, रंग इतका जुळलेला की हात लावून शोधावं लागतं. त्यानेच खिशातून काढून नेले होते. पुलापलीकडच्या लोकरीच्या दुकानात मेव्हिस टॅप म्हणून बाई आहे, तिला रफू करायला दिले. तो लाल रंग मिळेना, म्हणून तिने ब्रिस्टलहून लोकर मागवली. तिला बजावून ठेवलं होतं, बायको आली तरी एक शब्द बोलायचा नाही.

मी ते छातीशी धरले आणि रडले. तोही रडला. कोरडंच, डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणाला, ती गेली तेव्हा मी कामावर, रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये जाऊन रडायचो, तुझ्यासमोर रडलो असतो तर तुला कोणी सावरलं असतं?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि त्या वळशात मी काय करून बसले.

त्याला काही सांगितलं नाही. सांगणार तरी कसं?

शनिवार, ४ नोव्हेंबर

लोकरीच्या दुकानात गेले. दार बंद. काचेतून बघितलं. एक जाडसर बाई गल्ल्यामागे खुर्चीत बसून विणत होती, लाल लोकर, काही आकार नाही, पट्टाच्या पट्टा जमिनीवर लोळत होता. शेजारी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. मी काच वाजवली. तिने वर बघितलं. सिरिलसारखेच डोळे.

दाराआडून म्हणाली, आज दुकान बंद आहे, राणी, माफ कर, माझी तब्येत बरी नाही, अठरा तारखेपासून डोळ्याला डोळा लागला नाही.

अठरा. मी पळत आले.

रविवार, ५ नोव्हेंबर

मिस पेव्हरेलना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. खाली बसल्या आणि पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली. म्हणाल्या, लोर्ना, दिलेलं परत मागता येत नाही. ते आता तुझे नाहीत. तुझ्याकडे आहेत, पण तुझे नाहीत. आजच्या आज पाण्यात टाक.

मी विचारलं, दुसरं काही चालणार नाही का? माझी अंगठी? त्या म्हणाल्या, तू तिला अंगठी लिहून दिलीस का?

बाहेर सगळ्या टेकड्यांवर दरवर्षीच्या पाच नोव्हेंबरच्या सणाच्या शेकोट्या पेटल्या आहेत. पोरं पेंढ्याचं बाहुलं जाळतायत, ओरडतायत. त्या आवाजाने सिरिल कानांवर हात धरून बसलाय. उद्या सकाळी टाकते.

सोमवार, ६ नोव्हेंबर

कुंडाशी गेले. हातमोजे नाकाशी धरले. नव्या लोकरीच्या वासाखाली अजून तिचा वास आहे, साबण आणि ज्येष्ठमधाची गोळी.

एक टाकला.

फक्त एक. कात्रीने दोरी कापली आणि उजवा टाकला. तो तरंगला नाही, दगडासारखा गेला. डावा माझ्याकडे आहे. एकाने तिचं समाधान होईल. देवी आहे ना ती, तिला काय कमी आहे?

मंगळवार, ७ नोव्हेंबर

सिरिल झोपला! तळघरातून वर आले तेव्हा घोरत होता. वीस दिवसांनी. मी दाराशीच गुडघे टेकले.

मग पुढे होऊन बघितलं. उजवा डोळा मिटलेला. डावा उघडा. घोरत होता आणि डावा डोळा माझ्याकडे बघत होता. मी पलंगाला वळसा घातला तर तो माझ्या मागे मागे फिरला.

बुधवार, ८ नोव्हेंबर

जागा झाल्यावर म्हणतो, अर्धीच झोप झाली. अर्धं स्वप्न पडतं आणि अर्धी खोली दिसते. एका घोटाने तहान भागते, दुसऱ्याने परत लागते. मला विचारलं, लोर्ना, काय आहे हे? तुला माहीत आहे का?

सांगितलं. सगळं. तो उशीला टेकून उठून बसला. मग म्हणाला, रंग किती छान जुळला होता नाही? आणि म्हणाला, टाकून दे गं दुसरा. नेल काही लोकरीत नाही.

लगेच खाली गेले.

हातमोजा गरम होता. आत्ताच कोणी हातातून काढलेला असावा तसा, आतून. वाफेने असेल. बोट घालून बघितलं.

कोणीतरी माझं बोट धरलं.

हलकेच. रस्ता ओलांडताना ती धरायची तसं, एकच बोट, मुठीत.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

सकाळपासून तीनदा. दरवेळी धरते. आत बघितलं तर काही नाही, पण बोट घातलं की धरते. मी तिच्याशी बोलते. ती दाबते. एकदा दाबलं की हो, दोनदा की नाही.

टाकू कसा? बुडवू तिला?

शुक्रवार, १० नोव्हेंबर

सिरिलने विचारलं, टाकलास?

मी हो म्हटलं.

माझं बोट त्या वेळी खिशात होतं. तो म्हणाला, शाब्बास, मला ठाऊक होतं, तुझ्या जिवावर आलं असेल. माझा हात हातात घेऊन त्याचं चुंबन घेतलं. मग उशी सरळ केली, आडवा झाला, म्हणाला, आज येईल झोप.

दिवसभर वाट बघत पडून राहिला. पोरं नाताळच्या आदल्या दिवशी पडतात तसा, हालचाल न करता. चार वाजता म्हणाला, येतेय वाटतं. सहाला परत म्हणाला.

शनिवार, ११ नोव्हेंबर

अजून वाट बघतोय. माझ्यावर विश्वास आहे त्याचा— डावा डोळा पांढरा पडत चाललाय. उद्या टाकते. रविवार आहे, चॅपलनंतर—

रविवार, १२ नोव्हेंबर

चॅपलच्या घंटा वाजत असताना गेला. शेवटचं म्हणाला, दुसरा कुठे आहे, लोर्ना? रागाने नाही. मला कळलं की त्याला कळलं होतं.

डॉक्टरांनी डावी पापणी बोटाने खाली ओढली. ती परत वर गेली. त्यांनी तीनदा केलं. मग चादर ओढली.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

झोप नाही. दुःखाने असेल. दोन जग पाणी—

मिस पेव्हरेलनी तळहात पुढे केला. म्हणाल्या, दे इकडे, मी टाकते. मी म्हटलं, केव्हाच टाकला. त्या म्हणाल्या, आता देवीची चोर तू आहेस, पोरी. त्या रडत होत्या.

आता कशाला टाकू? कोणासाठी? सिरिल गेला. मेव्हिस टॅप— तिचं नावही काढवत नाही. नेल तेवढी आहे.

बुधवार, १५ नोव्हेंबर

पापणीला काठावर कोणीतरी धरतं. तो म्हणाला होता तसंच. अगदी तसंच, सिरिल, तू बरोबर सांगितलं होतंस.

सोडत नाही ती आता. बोट बाहेर काढायला वेळ लागतो. मोठी झाली असेल. पंधरा वर्षांची झाली असती—

गुरुवार, १६ नोव्हेंबर

कुंडाच्या पायरीवर बसले आहे. टाकायला आले. खरंच. सिरिलला पुरून आले, त्याचा डोळा तसाच— नाही, आज टाकते.

शेवटचं एकदा बोट घातलंय. वही मांडीवर, उजव्या हाताने लिहितेय. डावं तिच्याकडे.

घट्ट धरलंय. सोड, बाळ. आईला जाऊ दे.

एकदा दाबलं. नाही, दोनदा.

काहीतरी टोचतंय. बोटाच्या मागे. सुई राहिली असेल मेव्हिसची— सुई नाही. रुंद आहे. वाकडं. आत रुततंय.

नख आहे.

नेलला नखं नव्हतीच. एकही नव्हतं, रक्त येईतो कुरतडायची, म्हणून तर मी हातमोजे—

मग ही कोण

मी सिरिलला कुणासाठी